‘पाचा उत्तरी’ संपणारी गोष्ट : सोलापूरच्या घरांत अद्भुत मालिका कशा रुजल्या

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसते. पारा ४३-४४ अंशांवर. कूलरमध्ये बादलीने पाणी ओतायचे, पडदे ओढायचे आणि संध्याकाळची वाट बघायची. यंदा अशा पाच दुपारी आमच्या घरात ‘द टेन्थ किंगडम’ ही २००० सालची अमेरिकी लघुमालिका चालली. एकूण सुमारे सात तास. भाचा इंग्रजी संवाद मराठीत सांगत होता, भाचीचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते, माझी आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली. शेजारच्या अक्का, ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात, पहिल्या दिवशी दारातूनच म्हणाल्या, ‘‘लेकरांचं लावलंय काय?’’ दुसऱ्या दिवसापासून त्या शेंगा फोडायचे सूप घेऊनच येऊ लागल्या आणि पाचव्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर होत्या.

परक्या भाषेतली, परक्या राजवाड्यांची ही गोष्ट सत्तरीच्या आईला आणि दहा वर्षांच्या भाचीला सारखीच धरून ठेवते, याची मुळे बरीच मागे जातात. ती इथे मांडते आहे.

मालिकेबद्दल आधी थोडक्यात. न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीची देखभाल करणारा बाप आणि वेट्रेसचे काम करणारी त्याची मुलगी जादूच्या आरशातून नऊ राज्यांच्या देशात जाऊन पडतात. तिथे हिमगौरी आणि सिंड्रेला या गोष्टीतल्या बाया राहिलेल्या नाहीत, त्या इतिहासातल्या राण्या आहेत. हिमगौरीचा नातू गादीवर बसणार, तेवढ्यात दुष्ट राणीने त्याला कुत्रा करून टाकलेले. आधीच्या पिढीची जुनी भांडणे नव्या पिढीच्या अंगावर येतात. अमेरिकेत ती, जाहिराती धरून, दोन-दोन तासांच्या पाच भागांत दाखवली गेली. सुरुवातीच्या शीर्षकदृश्यात न्यूयॉर्कच्या उंच इमारतींमधून परीकथेचा मुलूख उगवत जातो. त्या दृश्याला २००० सालचा एमी पुरस्कार मिळाला. भाचीने ते पाचही दुपारी पुढे ढकलू दिले नाही. प्रेक्षकसंख्या मात्र वाहिनीच्या अपेक्षेइतकी झाली नाही आणि तिच्या पुढची मालिका कधीच निघाली नाही. माझ्या मते त्यात नुकसान काही नाही. गोष्ट जिथे संपायला हवी तिथे संपली आहे.

आता अक्कांच्या प्रश्नाकडे यायला हवे. ‘लेकरांचं’ हा शिक्का या प्रकारावर कुठून बसला? त्याचे मूळ ‘परीकथा’ या शब्दात आहे, आणि हा शब्द जितका सोपा वाटतो तितका नाही.

इंग्रजीतला ‘फेअरी’ आणि आपली ‘परी’ हे शब्द कानाला सख्ख्या बहिणींसारखे वाटतात. नाते काहीच नाही. ‘फेअरी’ फ्रेंचमधून आला, त्याचे मूळ लॅटिनमध्ये नियतीच्या देवतांसाठी असलेल्या शब्दात. ‘परी’ फारसीतून आली, आणि तिची पूर्वज अवेस्ता या पारशी धर्मग्रंथात चांगली बाई नाही, ती भुलवून घात करणारी आहे. केवळ उच्चार जुळले म्हणून एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसला. ‘परीकथा’ या अर्थाचा मूळ फ्रेंच शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस, १६९७ च्या सुमारास रूढ झाला तो दरबारी आणि उच्चभ्रू बैठकांमध्ये. तिथे या गोष्टी लिहिणाऱ्या आणि सांगणाऱ्या बऱ्याच जणी बायका होत्या आणि ऐकणारे प्रौढ होते. पुढे ग्रिम या दोघा जर्मन भावांनी १८१२ मध्ये आपला संग्रह काढला, त्याच्या नावात परी नाहीच. ‘मुलांच्या आणि घरातल्या गोष्टी’ असे ते नाव. घरातल्या, म्हणजे सगळ्यांच्या. पण १८२५ मध्ये त्यातल्या ५० गोष्टींची एक छोटी आवृत्ती मुलांसाठी निघाली, मूळ संग्रहही आवृत्तीगणिक मुलांना सोसेल असा होत गेला, आणि ‘घरातल्या’ हा अर्धा भाग विसरला गेला.

मराठीकडे ‘परीकथा’ रूढ होण्याआधी स्वतःचा चांगला शब्द होता. १८६१ पासून अरबी गोष्टींचे मराठी भाषांतर येऊ लागले, त्याचे नाव ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. सुरस आणि चमत्कारिक. वयाचा उल्लेख नाही, परीचाही नाही. गोष्टीत रस आहे आणि चमत्कार आहे, एवढेच सांगितले. त्याच्याही आधी, १८३० च्या सुमारास ‘वेताळ पंचविशी’ मराठीत छापली गेली होती, आणि तिच्यातले न्यायाचे पेच कोणत्याही अर्थाने बालवाङ्मय नव्हेत. समीक्षकांनी ‘अद्भुतरम्य’ हा शब्द वापरला, तोही चालण्यासारखा. पण शाळेच्या पुस्तकांनी आणि मुलांच्या मासिकांनी ‘परीकथा’ उचलली आणि तीच टिकली. परिणाम असा, की जादूचा आरसा दिसला की घरातली मोठी माणसे उठून स्वयंपाकघरात जातात.

हे आपल्याकडे व्हायला नको होते, कारण आपल्या घरात हा प्रकार बायकाच चालवत आल्या आहेत. श्रावणातल्या सोमवारची शिवामुठीची कहाणी आठवा. आटपाट नगर, राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. तिला उष्टे-खरकटे जेवण, जाडेभरडे नेसू, राहायला गुरांचे बेडे. रानात तिला नागकन्या, देवकन्या भेटतात, ती त्यांच्याबरोबर जाऊन शिवामूठ वाहते, आणि पुढे तिच्यासाठी देऊळ सोन्याचे होते, रत्नजडित खांब उभे राहतात. छळली गेलेली सून, रानातली मदत, एका रात्रीत पालटलेले भाग्य. सिंड्रेलाच्या गोष्टीत याहून वेगळे काय आहे? फरक एवढाच, की ही कहाणी हातात अक्षता घेऊन, उपाशीपोटी, मोठ्या बाया ऐकतात. आणि तिचा शेवट ठरलेला असतो : ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. ‘संपूर्ण’ म्हटल्याशिवाय कोणी अक्षता टाकत नाही.

सोलापुरात याला आणखी एक धार मिळाली, तेलंगणातून आलेल्या विणकरांची. शहराच्या पूर्व भागात मागांच्या खडखडाटाबरोबर तेलुगू गोष्टीही आल्या. तेलुगू सिनेमात ‘जानपद’ नावाचा एक पूर्ण प्रकारच आहे. राजकन्या, मांत्रिक, तलवार, मायावी महाल. त्याचा मोठा नमुना १९५१ चा ‘पाताळ भैरवी’. त्यात नायक उज्जैनच्या माळ्याचा मुलगा आणि त्याचा बळी द्यायला निघालेला मांत्रिक. अक्कांनी हा सिनेमा किती वेळा पाहिला हे त्यांनाही सांगता येत नाही. मालिकेत इमारतीची झाडलोट करणारा बाप राजवाड्यात जाऊन फजिती करून घेतो, तेव्हा त्यांनीच पहिल्यांदा म्हटले, ‘‘आमच्यातला माळ्याचा पोर असाच की.’’ ‘जानपद’ म्हणजे लोकांचे. तेलुगूने या प्रकाराचे नाव ठेवताना परीही घेतली नाही आणि मूलही घेतले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. मद्रासहून १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेल्या मासिकाचा मराठी अवतार ‘चांदोबा’ १९५२ मध्ये आला, आणि एकाच गल्लीतल्या मराठी, कन्नड, तेलुगू घरांत तोच वेताळ त्याच चित्रांसह तीन भाषांत लटकू लागला. पोरे अंक बदलून चित्रे बघत. संक्रांतीच्या गड्ड्यावर, म्हणजे इथल्या जत्रेत, होम मैदानात जादूचे प्रयोग आणि आरशांचे तंबू असत, त्याबद्दल सोलापूरकराला वेगळे सांगायला नको.

पडद्यावरच्या मालिकेची सवय मात्र १९८५ ची. देशभर दूरदर्शनचे लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने बसवले गेले होते, आणि आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, लाकडी शटरचा. रविवारी दुपारी ‘विक्रम और बेताल’ लागायचे. मी चौथीत होते. शटर सरकवल्याचा आवाज आला की वरच्या मजल्यावरून बाया जिन्यात येऊन बसत, कारण खोलीत जागा पोरांनी धरलेली असे. बेताल राजाच्या पाठीवर, गोष्ट संपली की प्रश्न, राजाने तोंड उघडले की बेताल पुन्हा झाडावर. प्रश्न पडला की जिन्यातल्या बाया राजाच्या आधी उत्तर देत. कधी दोघींची दोन उत्तरे येत आणि वाद पुढच्या रविवारपर्यंत पुरे. एकूण २६ भाग, पंचवीस गोष्टींना पुरेसे.

त्या काळी दूरदर्शनवर मालिकेचा हिशेब तेराच्या पाढ्यात असे. आठवड्याला एक भाग, तीन महिने म्हणजे तेरा. वाढवली तर २६. ‘लघुमालिका’ हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हते, कारण बहुतेक मालिका लघुच होत्या. तेरा आठवड्यांत गोष्टीचा निकाल लागणार, हे प्रेक्षकाने गृहीत धरलेले असे. रामायण-महाभारताचा काळ सर्वांना माहीत आहे, त्यावर थांबत नाही. त्यानंतर १९९३ मध्ये ‘अलिफ लैला’ आणि १९९४ मध्ये ‘चंद्रकांता’ आली. ‘चंद्रकांता’ १८८८ च्या हिंदी कादंबरीवरची. कादंबरीत ऐयार म्हणजे वेष पालटणारे हेर आणि तिलिस्म म्हणजे मायावी भुलभुलैया यांची गुंफण आटोपशीर आहे. पडद्यावर ती मूळ कथेपासून सुटून लांबत गेली. क्रूरसिंहाच्या भुवया आजही सगळ्यांना आठवतात, गोष्ट शेवटी कुठे पोचली हे विचारले तर घरात चार माणसे चार उत्तरे देतात. बघण्यातला आनंद तिथे पहिल्यांदा तुटला असे मला वाटते. वेशभूषा, जादू, खलनायक सगळे होते, ‘सुफळ संपूर्ण’ नव्हते.

आणि मग २००० साल. तिकडे सात तासांत सगळी भांडणे मिटवणारी ही लघुमालिका फेब्रुवारीअखेर सुरू झाली, आणि त्याच वर्षी जुलैत आपल्याकडे एका हिंदी वाहिनीवर रोजच्या सासू-सून मालिकांचे युग सुरू झाले. आठवडे मोजायचे आणि शेवट नाही. आवडती-नावडती तिथेही होत्या, पण नावडतीचे भाग्य शंभर भागांत पालटत नाही आणि पालटले तरी एकशे एकाव्या भागात परत फिरते. माझी आई या मालिका आठ वर्षे बघत होती आणि आठही वर्षे चिडत होती. त्याच दशकात भारनियमन आले. ऐन वेळेला वीज जाई आणि दुसऱ्या दिवशी शेजारी विचारावे लागे, काल काय झाले. उत्तर बहुधा ‘काही नाही’ असेच येई.

‘द टेन्थ किंगडम’ आमच्याकडे पहिल्यांदा आली ती या भारनियमनाच्या काळात, भाड्याच्या सीड्यांवर. जुन्या टीव्हीखाली प्लेअर, वीज आहे तोवर एक सीडी. तिसरी सीडी ओरखड्यांमुळे ऐन दलदलीच्या प्रसंगात अडकली आणि दुकानदाराकडे दुसरी प्रत नव्हती. शेवट मला कितीतरी वर्षांनी कळला. यंदाचे बघणे माझ्यासाठी त्या अर्धवट राहिलेल्या गोष्टीची भरपाई होते.

घरच्यांनी कशाचा आनंद घेतला? भाच्याला लांडगा आवडला. अर्धा माणूस, अर्धा लांडगा, प्रेमात पडलेला आणि तरी भुकेपुढे लाचार. भाचीला कुत्रा झालेला राजपुत्र. बापाला सहा इच्छांचे वरदान मिळते आणि तो त्या फुकट घालवतो, तेव्हा आई हसून हसून डोळे पुसत होती. त्यातली एकच इच्छा कामी येते, कुत्र्याचे बोलणे कळण्याची. अक्कांना मात्र पहिल्या दिवसापासून राणीतच रस. ‘‘ही कुणाची कोण, ते सांग आधी,’’ असे त्या भाच्याला सारख्या विचारत.

त्यांचा प्रश्न बरोबर जागी होता. मालिकेतला सर्वांत वादाचा निर्णय तोच आहे. दुष्ट राणी ही नायिकेची सख्खी आई निघते, मुलगी लहान असताना घर सोडून गेलेली. हिमगौरीला विष देणाऱ्या त्या जुन्या सावत्र आईने मरणापूर्वी तिला आपली वारस केलेले असते. असे दाखवणे अनेकांना क्रूर वाटते, सावत्र आई दाखवली असती तर चालले असते असे म्हणणारे मलाही भेटले आहेत. पण जुना पाठ बघितला तर हा निर्णय परंपरा मोडत नाही. ग्रिम भावांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आईच आहे. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई केली गेली. आईची प्रतिमा डागाळू नये म्हणून दोष सावत्र आईच्या पदरात घातला, आणि जगभरच्या सावत्र आया दोनशे वर्षे तो वाहत आल्या. मालिकेने ते ठिगळ काढले. माझ्या मते ती तिथे मोठी होते.

शस्त्रही जुन्या गोष्टीतलेच आहे. आपल्याला विषारी सफरचंद आठवते, पण मूळ गोष्टीत हिमगौरीवर तीन घाले होतात : आधी चोळीची नाडी आवळून, मग विषारी फणीने, शेवटी सफरचंदाने. मालिकेत ती फणी शेवटी मुलीच्या हातून आईला लागते.

पाचव्या दुपारी तो प्रसंग आला तेव्हा भाचा भाषांतर करायचे विसरला. कोणी विचारलेही नाही. सुपातल्या शेंगा तशाच राहिल्या. राणी जमिनीवर, मुलगी तिच्याशेजारी. आई हळूच म्हणाली, ‘‘सख्खी आई असून असं करती का गं?’’ अक्का पडद्याकडे बघतच बोलल्या, ‘‘करती. आमच्या माहेरच्या गल्लीत होती एक. पुढं पोरगीनंच सांभाळली तिला मरेपर्यंत.’’ आईने मान हलवली, मग रिमोट मागून घेतला आणि राणी मुलीला ओळखते तिथपासून पुन्हा लावायला सांगितले.