जंताच्या गोळीचा हिशोब: देणगीचा परिणाम मोजण्यामागची पार्श्वभूमी

देणगीवर चालणाऱ्या संस्थांनी आपल्या कामाचा परिणाम मोजावा आणि मोजलेल्यावरून काम सुधारावं, ही अपेक्षा आता इतकी रुळली आहे की ती पूर्वापार असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ती जोर धरू लागली गेल्या पंचवीसेक वर्षांत. त्याआधीचे अहवाल पैसे किती आले, कुठे खर्च झाले आणि किती जणांपर्यंत पोचलो एवढं सांगून थांबत. त्या माणसांचं पुढे काय झालं, आणि संस्था नसती तर काय झालं असतं, हे विचारणारं क्वचितच कुणी असे.

असा एक जुना अपवाद मात्र सांगायलाच हवा. अमेरिकेत बोस्टनजवळ 1939 मध्ये गुन्हेगारीकडे वळण्याची भीती असलेल्या मुलांसाठी एक उपक्रम सुरू झाला. मुलांच्या सारख्या जोड्या लावून नाणेफेकीने एकाला कार्यक्रमात घेतलं, दुसऱ्याला नाही. निवडलेल्यांना वर्षानुवर्षं समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं, वैद्यकीय मदत असं सगळं मिळालं. 1970 च्या दशकात या मुलांचा, म्हणजे तोवर मध्यमवयीन झालेल्या पुरुषांचा, शोध घेतला गेला. मदत मिळालेल्यांपैकी बहुसंख्य म्हणाले की आम्हाला फायदा झाला. दोन्ही गट शेजारी ठेवल्यावर मात्र उलटं दिसलं. मदत मिळालेल्यांत पुन्हा गुन्हा करण्याचं, दारूच्या व्यसनाचं आणि लवकर मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. कार्यक्रम प्रेमाने राबवला होता, पैसाही प्रामाणिकपणे खर्च झाला होता. तुलनेचा गट नसता तर तो यशस्वी म्हणूनच नोंदला गेला असता.

हा धडा देणगीच्या जगाने फार काळ मनावर घेतला नाही. त्याऐवजी लक्ष गेलं प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीकडे. अमेरिकेत करविवरणात संस्थांना कार्यक्रम, व्यवस्थापन आणि निधीसंकलन असे खर्च वेगळे दाखवावे लागतात. आकडे तयार होते, त्यामुळे तेच मोजले गेले. 2002 च्या सुमारास त्यावरून संस्थांना चांदण्या देणंही सुरू झालं. यातून झालेलं नुकसान आजही पुरतं भरून निघालेलं नाही. प्रशिक्षण, हिशोबनीस, माहितीची नीट नोंद यांवरचा पैसा बहुतेकदा ‘प्रशासकीय’ रकान्यात पडतो, आणि परिणाम मोजणाराही त्याच रकान्यात. म्हणजे परिणाम तपासायला माणूस नेमला की संस्थेचे गुण कमी. 2013 मध्ये गुण देणाऱ्या तीन अमेरिकी संस्थांनीच देणगीदारांना खुलं पत्र लिहून सांगितलं की या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका. तोवर एका पिढीची सवय पक्की झाली होती.

दरम्यान दुसरीकडे चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची पद्धत विकासाच्या कामात शिरली. मेक्सिकोने 1997 नंतर गरीब कुटुंबांना शाळा आणि दवाखान्याच्या अटीवर रोख मदत देताना काही गावांना आधी, काहींना नंतर घेतलं, आणि मधल्या काळात तुलना केली. त्याच सुमारास पश्चिम केनियातल्या बुसिया भागात तो प्रयोग उभा राहिला ज्यावरून पुढची दोन दशकं वाद चालला. त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण मापन करणाऱ्यांचा कस इथेच लागला.

प्रयोग साधा होता. 75 शाळा, 30,000 हून अधिक मुलं, आणि जंताच्या गोळ्या. 1998 पासून शाळांच्या तीन गटांना टप्प्याटप्प्याने गोळ्या मिळाल्या. 2004 मध्ये निष्कर्ष छापून आले: गैरहजेरी किमान चौथ्या हिश्शाने घटली, आणि संसर्गाची साखळी तुटल्याने गोळी न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाला. परीक्षेतले गुण मात्र वाढले नव्हते. गोळी अतिशय स्वस्त, त्यामुळे शाळेचं एक जादा वर्ष मिळवण्याचा इतका कमी खर्चाचा दुसरा मार्ग दिसत नव्हता. गोळ्या वाटणाऱ्या संस्थांकडे देणगीदार वळले.

2007 मध्ये अमेरिकेत वित्तक्षेत्रातून आलेल्या दोन तरुणांनी एक मूल्यमापन संस्था काढली. ती संस्थांकडे कागदपत्रं मागायची आणि आपला हिशोब, त्यातल्या गृहीतकांसकट, जाहीर करायची. 2011 मध्ये तिने जागतिक आरोग्यातल्या एका प्रतिष्ठित संदर्भग्रंथातला आकडा तपासायला घेतला. रोगामुळे वाया जाणारं निरोगी आयुष्याचं एक वर्ष वाचवायला आतड्यातल्या जंतांवरच्या उपचारात 3.41 डॉलर लागतात, असं 2006 च्या त्या ग्रंथात होतं. मूळ स्प्रेडशीट मागवली, तर तिच्यात पाच चुका निघाल्या. त्या दुरुस्त केल्यावर आकडा आला 326 डॉलरच्या वर. जवळपास 100 पटींचा फरक, आणि पाच वर्षं तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. यात ग्रंथकर्त्यांना झोडपण्यासारखं काही नाही, त्यांनी मागितल्यावर स्प्रेडशीट दिली. बाकीच्यांनी ती मागितलीच नव्हती, हे मला अधिक गंभीर वाटतं.

खरा वादग्रस्त निर्णय पुढचा. त्याच वर्षाअखेर त्याच मूल्यमापकाने गोळ्या वाटणाऱ्या एका संस्थेला शिफारशीच्या यादीत वरचं स्थान दिलं. वरवर हे विचित्र दिसतं. त्यामागचं तर्कशास्त्र असं: तब्येतीवरचा तात्काळ परिणाम किरकोळ असेलही, पण लहानपणी जंत गेल्याने मोठेपणी कमाई वाढते असा थोडा पुरावा आहे. तो खरा ठरण्याची शक्यता कमी धरली, तरी गोळी इतकी स्वस्त आहे की सरासरीने सौदा चांगलाच पडतो. पुढच्या वर्षांत या मूल्यमापकाने केनियातल्या कमाईवाढीचा जेमतेम आठवा हिस्साच हिशोबात धरला. तरीही गोळी यादीत टिकली.

टीकाकारांचं म्हणणंही वजनदार होतं. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे सांगत होते की सरसकट गोळ्या वाटल्याने मुलांचं वजन, बुद्धी किंवा शाळेतली प्रगती सुधारल्याचा ठोस पुरावा नाही. 2015 मध्ये केनियाच्या माहितीची फेरतपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यात मूळ गणितातल्या चुका निघाल्या आणि काही किलोमीटरवरच्या शाळांनाही फायदा झाल्याचा दावा गळून पडला. गैरहजेरी घटल्याचा निष्कर्ष किती टिकतो यावर अर्थतज्ज्ञ आणि साथरोगतज्ज्ञ यांच्यात जाहीर खडाजंगी झाली. दोन्ही बाजूंची पुराव्याची फूटपट्टीच वेगळी होती. वैद्यकातला माणूस विचारतो, हे सिद्ध झालं आहे का? पैसे वाटणारा विचारतो, अर्धवट माहितीवर आज कुठे देऊ? माझ्या मते दुसरा प्रश्न टाळता येत नाही. पैसे न देणं हाही निर्णयच असतो, आणि त्यासाठी मात्र कुणी पुरावा मागत नाही.

2021 मध्ये त्याच मुलांचा वीस वर्षांनंतरचा पाठपुरावा छापून आला. दोन ते तीन वर्षं जादा गोळ्या मिळालेल्यांची ताशी कमाई 13 टक्क्यांनी आणि उपभोगावरचा खर्च 14 टक्क्यांनी जास्त निघाला. पुढच्याच वर्षी एका बाहेरच्या गटाने दाखवलं की हा फायदा वर्षागणिक ओसरत जातो ही शक्यता मूल्यमापकाच्या गणितात धरलेलीच नाही. मूल्यमापकाने आक्षेप मान्य केला. 2022 मध्येच त्याने अव्वल यादीचे निकष कडक करून परिणामाची खात्री जास्त असलेल्या संस्थाच तिच्यात ठेवल्या, आणि जंताच्या गोळ्या यादीबाहेर गेल्या. दुसऱ्या निधीतून त्यांना पैसे देण्याची वाट उघडी राहिली. यात कोण जिंकलं हे विचारणं मला निरर्थक वाटतं. गणित सगळ्यांसमोर पडलेलं होतं म्हणूनच बाहेरच्या माणसाला त्यातली फट सापडली.

याच काळात काही संस्थांनी हा उघडेपणा स्वतःच्या कामालाही लावला. उत्तर बांगलादेशात पिकांमधल्या रिकाम्या, उपासमारीच्या महिन्यांत गावकऱ्यांना शहरात कामाला जाता यावं म्हणून प्रवासापुरते पैसे देण्याचा प्रयोग 2008 मध्ये झाला होता. निकाल उत्तम होते: कमावणारे गेले, घरी खाणं वाढलं. पुढे योजना मोठी करताना तिची पुन्हा चाचणी घेतली, तर 2017 च्या हंगामात लोक शहरात जाण्याचं प्रमाण वाढलंच नाही. राबवणाऱ्या संस्थेने ते जाहीर केलं आणि 2019 मध्ये कार्यक्रम गुंडाळला. स्थानिक भागीदाराबाबतच्या आरोपांचाही त्या निर्णयात वाटा होता. तरी स्वतःच्या नावाजलेल्या योजनेचा प्रतिकूल निकाल छापणारी संस्था विरळाच.

आणखी एक कसोटी 2018 मध्ये रवांडातल्या अभ्यासातून पुढे आली: तेवढेच पैसे कुटुंबाच्या हातात दिले असते तर? अमेरिकी मदतीवर चाललेल्या एका पोषण कार्यक्रमाची तुलना तेवढ्याच खर्चाच्या रोख रकमेशी केली. वर्षभरात दोहोंनीही मुलांच्या पोषणात फरक पडला नाही. 500 डॉलरहून मोठी रक्कम दिली तेव्हा पडला. एखाद्या संस्थेचं काम चांगलं आहे का, याला आता तुलनेचा एक किमान पाया मिळाला.

मात्र ही सगळी गणितं ज्या माहितीवर उभी आहेत ती संस्थांची स्वतःची नसते. मच्छरदाण्या वाटून किती बालमृत्यू टळतात हे काढताना त्या भागात मुळात किती बालकं दगावतात हे आधी माहीत लागतं. तो आकडा अनेक देशांत घरोघरच्या आरोग्य पाहण्यांतून येत असे. 1984 पासून 90 हून अधिक देशांत अमेरिकी पैशावर चाललेला हा पाहण्यांचा कार्यक्रम फेब्रुवारी 2025 मध्ये बंद करण्यात आला. नंतर खासगी देणगीतून त्यातल्या काही भागापुरती तात्पुरती सोय झाली. जिथे नवी पाहणी होणार नाही, तिथल्या संस्थांना आणि त्यांच्या मूल्यमापकांना वर्षागणिक जुन्या होत जाणाऱ्या मृत्युदरावरूनच हिशोब मांडावा लागेल.