लाज आणि अपराधीपणा

चूक झाल्यावर मनात येणाऱ्या दोन भावना, बोलताना आपण दोन्हीला सरसकट 'गिल्टी वाटतंय' म्हणून मोकळे होतो. समजा शेजारच्या काकूंचं इडलीपात्र मागून आणलं आणि त्यातली एक प्लेट हरवली. अपराधी वाटलं तर माणूस भांड्यांच्या दुकानात तशीच प्लेट शोधत फिरतो, लाज वाटली तर काकू जिन्यात दिसल्या की उलट्या पावली घरात. मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ साली हाच फरक मांडला, अपराधीपणात लक्ष 'काय केलं' याच्यावर आणि लाजेत 'मीच असा' याच्यावर, आणि जून टँगनी वगैरे मानसशास्त्रज्ञांचं पुढचं काम बरंचसं याच वाटेनं गेलंय. नैराश्यात काहीच चूक नसताना अपराधी वाटत राहतं, हे त्या आजाराच्या लक्षणांत धरतात.

त्याआधीची मांडणी वेगळी होती, अपराधीपणा आतला आणि लाज लोकांमुळे. ती गाजली अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांच्या जपानवरच्या १९४६ च्या पुस्तकामुळे, जपान म्हणजे लाजेची संस्कृती आणि अमेरिका अपराधीपणाची. आता हे युद्धकाळात अमेरिकन सरकारसाठी केलेलं काम, बाई जपानला गेल्याच नव्हत्या, अमेरिकेतल्या जपानी लोकांशी बोलून आणि पुस्तकं-सिनेमे बघून लिहिलं, त्यामुळे आक्षेप आले ते साहजिकच. तरी ग्रीक साहित्याचे अभ्यासक डॉड्स यांनी १९५१ मध्ये हीच जोडी प्राचीन ग्रीकांना लावली. मनोविश्लेषक पियर्स आणि मानववंशशास्त्रज्ञ सिंगर यांनी १९५३ मध्ये लाजही आतली असू शकते असं दाखवलं, ते जास्त पटण्यासारखं आहे.

आपल्याकडे तर 'जनाची नाही तर मनाची तरी' असं रोज म्हणतात, म्हणजे लाजेचेच दोन भाग, एक आतला एक बाहेरचा. बौद्धांच्या पाली ग्रंथांतही अशीच जोडी आहे, 'हिरी' आणि 'ओत्तप्प'. साधारण पाचव्या शतकातले बौद्ध टीकाकार बुद्धघोष यांच्या परंपरेत हिरी म्हणजे स्वतःचा मान राखून वाईटापासून मागे सरणं आणि ओत्तप्प म्हणजे लोकनिंदेची, परिणामांची भीती. संस्कृतात 'ह्री', गीतेच्या सोळाव्या अध्यायात ती दैवी गुणांमध्ये मोजलीय.

मराठी शब्दांचं म्हणाल तर लाज 'लज्जा'वरून, शरम फारसीतून. ओशाळणं, खजील होणं, कानकोंडं होणं यात समोर कोणीतरी लागतं. रुखरुख आणि मन खाणं मात्र रात्री एकट्यालाही होतं.