अमारोने: सुकवलेल्या द्राक्षांची इटालियन रेड वाईन

अमारोने, पूर्ण नाव अमारोने देल्ला व्हाल्पोलिचेल्ला, ही इटलीच्या ईशान्येला व्हेनेतो प्रांतात, व्हेरोना शहराच्या उत्तरेकडच्या व्हाल्पोलिचेल्ला नावाच्या टेकड्यांवर बनणारी रेड वाईन. गडद, दाट, अल्कोहोल भरपूर (नियमाने किमान 14 टक्के, प्रत्यक्षात 15-16 सहज) आणि चवीला ड्राय, म्हणजे गोड नाही. आता दणकट रेड वाईन जगात पुष्कळ आहेत, पण हिची द्राक्षं तोडली की लगेच चुरडत नाहीत, तीन-साडेतीन महिने माळ्यावर सुकत ठेवतात आणि अर्धवट मनुका झाल्यावर मग त्यांची वाईन करतात. रंग, ताकद, किंमत, दुसऱ्या दिवशीचं डोकं, सगळं या एकाच गोष्टीतून येतं.

इटालियनमध्ये 'अमारो' म्हणजे कडू आणि शेपटाला 'ओने' लागलं की मोठा, थोराड. म्हणजे शब्दशः 'महाकडू', आपण कडूजहर म्हणतो त्याच सुरातलं. गंमत अशी की वाईन कडू लागतच नाही. शेवटी जिभेच्या मागे किंचित कडसर, कोको किंवा बदामाच्या सालीसारखं काहीतरी राहतं, बास. हे नाव पडलं ते तुलनेतून. त्या टेकड्यांवर याच द्राक्षांची गोड वाईन आधीपासून बनत होती, तिचं नाव रेचोतो. स्थानिक बोलीत 'रेचा' म्हणजे कान, आणि घडाच्या वरच्या बाजूला दोन कानांसारखे जे झुबके असतात त्यांना ऊन जास्त मिळतं, ते जास्त पिकतात म्हणून तेवढेच काढून सुकवायचे, त्यावरून रेचोतो. या गोडाच्या शेजारी ठेवलं तर अमारोने कडूच म्हणायची.

जन्माची गोष्ट प्रत्येक टूर गाईड सांगतो. 1936 साली याच टेकड्यांवरच्या नेग्रार गावच्या सहकारी वायनरीत रेचोतोचं एक पिंप विसरलं गेलं, वसंतात तळघरप्रमुख आदेलिनो लुकेसे याने चाखून पाहिलं तर गोडवा पार गेलेला, आणि तो म्हणाला की हे अमारो नाही, हे तर अमारोने आहे. गोष्ट छान आहे, पण 'एका चुकीतून नवी वाईन जन्मली' हे मला तरी अर्धंच पटतं. पिंपात यीस्ट जिवंत असेल तर ते साखर खात राहतं, अल्कोहोल करत राहतं, थंडी पडली किंवा अल्कोहोल फार चढलं की थकतं आणि उरलेली साखर गोडवा म्हणून राहते. यीस्ट थकलं नाही तर साखर संपते आणि रेचोतोची आपोआप ड्राय वाईन होते. हा प्रकार त्या तळघरांमध्ये शतकानुशतकं अधूनमधून घडतच असणार, तेव्हा तो बिघाड समजला जायचा. 1936 च्या आसपास बदललं ते एवढंच की बिघडलेल्या मालाला कोणीतरी नाव दिलं. बाजारात ती नीट यायला 1950 चं दशक उजाडलं, बेर्तानी या जुन्या वायनरीचा पहिला अमारोने तर 1958 च्या हंगामाचा.

द्राक्षं सुकवून वाईन करायची पद्धत मात्र फारच जुनी. सहाव्या शतकात, तेव्हा इटलीवर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रोगॉथ राजांच्या दरबारी असलेला कासिओदोरुस हा मंत्री व्हेरोनाकडच्या 'आचिनातिकुम' नावाच्या वाईनबद्दल पत्रात लिहितो, राजाच्या टेबलासाठी ती मागवायची होती म्हणून. शरदात तोडलेले घड उलटे टांगून ठेवतात आणि डिसेंबरपर्यंत थांबून मग रस काढतात असं त्यात वर्णन आहे. आजच्या नियमातही 1 डिसेंबरच्या आधी ही द्राक्षं चुरडायला बंदी आहे, म्हणजे दीड हजार वर्षांत कॅलेंडर जागचं हललेलं नाही!

जागा आणि द्राक्षं

पश्चिमेला गार्दा तलाव, उत्तरेला लेसिनी डोंगर, खाली आदिजे नदी, असा हा टापू. तलावामुळे हिवाळा फार कडक नाही, डोंगरामुळे रात्री गार. मूळ भागाला क्लासिको म्हणतात, त्यात पाच गावं येतात: नेग्रार, मारानो, फुमाने, सांत'अम्ब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारियानो. उतारावर दगडी पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, बांध चुन्याशिवाय नुसते दगड रचून केलेले, त्यांना तिथे 'मारोन्ये' म्हणतात. वेली बऱ्याच ठिकाणी अजून मांडवावर चढवलेल्या. नाशिककडच्या माणसाला मांडव बघून घरी आल्यासारखं वाटेल, फक्त इथे घड खायचे नाहीत.

मुख्य द्राक्ष कोर्व्हिना, मिश्रणात 45 ते 95 टक्के. तिची साल जाड, त्यामुळे तीन महिने ठेवली तरी फुटत नाही, सडत नाही. तिच्यासोबत कोर्व्हिनोने (नाव सारखं असलं तरी वेगळी जात आहे, लोक वर्षानुवर्षं एकच समजायचे) आणि रोंदिनेल्ला. मोलिनारा नावाची फिकट जात पूर्वी सक्तीची होती, आता नाही, आणि तिच्यासाठी फार कोणी रडलंही नाही.

या टापूतली एक इस्टेट मध्ययुगीन इटालियन महाकवी दान्तेच्या वंशजांकडे आहे हे वाचून मी चाट पडलो होतो. दान्ते फ्लॉरेन्समधून हद्दपार झाल्यावर व्हेरोनाच्या आश्रयाला होता, त्याचा मुलगा पिएत्रो याने 1353 मध्ये गार्गान्यागो गावात जमीन घेतली, आणि ती सेरेगो अलिघिएरी कुटुंबाकडे अजून आहे, तिथे अमारोनेही बनते.

माळ्यावरचे शंभर दिवस

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत तोडणी, सगळी हाताने. सुकवायचे घड वेगळे निवडतात, विरळ मण्यांचे, कारण दाट घडात हवा शिरत नाही आणि आतून बुरशी धरते. एक फुटका मणी दिसला तरी कात्रीने काढायचा, कारण तो एकटा जात नाही, शेजाऱ्यांना घेऊन जातो. असे घड एकाच थरात उथळ क्रेटमध्ये मांडतात, एकावर एक रचायचे नाहीत. क्रेट आता प्लास्टिकचे किंवा लाकडी. पूर्वी बोरू किंवा बांबूच्या ताट्या असायच्या, त्यांना 'आरेले' म्हणतात, मूळच्या रेशमाचे किडे पाळायच्या. वसंतात किडे, शरदात द्राक्षं, एकच ताटी दोन धंद्यांना. रेशीम गेलं, काही वायनऱ्यांनी ताट्या ठेवल्या, थोड्या परंपरेसाठी आणि थोड्या फोटोसाठी.

ज्या माळ्यावर हे होतं त्याला 'फ्रुत्तायो' म्हणतात आणि या सुकवण्याला 'अपासिमेंतो'. नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी असली की खिडक्या सताड उघडतात, धुकं किंवा पाऊस आला की पळत जाऊन बंद, आता बऱ्याच ठिकाणी पंखे आणि आर्द्रता मोजणारी यंत्रं आहेत जी हे काम करतात. माणसं अधूनमधून क्रेट फिरवून बुरशी लागलेले मणी काढत राहतात. 100 ते 120 दिवसांत द्राक्षांचं वजन 30 ते 40 टक्के कमी होतं. पाणी उडतं, साखर आणि सालीतला रंग आणि टॅनिन (म्हणजे तुरटपणा) एकवटतो, आणि मणी तोवर जिवंत असल्यामुळे आत नुसतं आटणं नाही तर रासायनिक बदलही होत असतात, म्हणून चव ताज्या द्राक्षाची राहत नाही, सुकी चेरी, अंजीर, मनुका, चॉकलेट अशा वळणाला जाते.

आपल्याकडे तासगाव-सांगलीकडे बेदाण्याचे शेड पाहिले असतील तर चित्र डोळ्यासमोर येईल, जाळ्यांचे मजल्यावर मजले आणि त्यावर पसरलेली द्राक्षं. पण तिथे घाई असते, द्राक्षं आधी द्रावणात बुडवून साल मोकळी करतात म्हणजे ती साधारण दोन आठवड्यांत सुकतात, आणि पूर्ण सुकवायची असतात. इथे सगळी धडपड सावकाश सुकावीत आणि अर्ध्यातच थांबावीत यासाठी. पूर्ण बेदाणा झाला तर रस कसला काढणार?

आणि रस तसाही थोडाच निघतो. नियम सांगतो की 100 किलो ताज्या द्राक्षांमागे जास्तीत जास्त 40 लिटर वाईन. साध्या वाईनला त्याच्या दीडपटीहून जास्त मिळते. वर तीन महिने माळा अडकलेला, माणसं राबलेली, सडलं ते वेगळं. म्हणून बाटली महाग.

तळघर आणि कागदपत्रं

जानेवारी-फेब्रुवारीत चुरडतात. तळघर गार, रसात साखर प्रचंड, त्यामुळे यीस्टला काम जड जातं आणि आंबायला महिना-दीड महिना सहज लागतो. मग मुरवणं, बहुतेक करून लाकडी पिंपात: साध्या अमारोनेला किमान 2 वर्षं, रिझेर्व्हा या जास्त मुरवलेल्या प्रकाराला 4. पिंपांवरून तिथे दोन तट आहेत. जुन्या पद्धतीचे लोक मोठ्या, वापरून जुन्या झालेल्या पिंपांत वर्षानुवर्षं ठेवतात. यात जुझेप्पे क्विंतारेल्ली हे नाव आदराने घेतलं जातं, ते 2012 मध्ये वारले, त्यांच्या बाटल्यांवरचं लेबल हस्ताक्षरातलं असतं आणि किंमत ऐकून गप्प बसावं अशी. दुसऱ्या बाजूला रोमानो दाल फोर्नो, छोटी नवी ओकची पिंपं, काळी शाई वाटावी अशी वाईन. दोघं गुरू-शिष्यासारखे होते, हे विशेष.

व्हाल्पोलिचेल्लाला डीओसी हा कायदेशीर दर्जा 1968 मध्ये मिळाला, अमारोने तेव्हा रेचोतोचाच एक प्रकार म्हणून कागदावर होती. वर्षानुवर्षं गोड वाईनच्या नावाला लटकून राहिल्यावर 1990 च्या सुमाराला स्वतंत्र नाव मिळालं, आणि डीओसीजी हा सर्वात वरचा दर्जा 2010 च्या हंगामापासून.

अमारोने झाली की खाली चोथा उरतो, साली-बिया, त्यात अजून साखर, रंग आणि यीस्ट असतं. त्यावर साधी, न सुकवलेल्या द्राक्षांची व्हाल्पोलिचेल्ला वाईन ओतून काही दिवस ठेवतात, ती पुन्हा थोडी आंबते आणि अंगाने भरते. याला रिपासो म्हणतात. नारळाचं दुसरं दूध आठवेल, फक्त इथे पाण्याऐवजी वाईन ओततात, त्यामुळे निघणारं दूध पातळ नसतं. मासी या वायनरीने 1964 च्या काम्पोफिओरीन या वाईनपासून ही जुनी युक्ती बाजारात आणली. अर्ध्या पैशात अमारोनेची झलक हवी असेल तर रिपासो घ्यावी, माझं प्रामाणिक मत.

पिताना

व्हेरोनात अमारोने घालून रिसोत्तो करतात, जवळच्या इझोला देल्ला स्काला भागातला व्हियालोने नानो तांदूळ वापरून, भात अक्षरशः जांभळा होतो. घोड्याच्या मांसाचं तासन् तास शिजवलेलं 'पास्तिसादा' हाही तिथला जुना पदार्थ. नाहीतर नुसतं मुरलेलं चीज आणि एक ग्लास. इटालियन लोक अशा वाईनला 'चिंतनाची वाईन' म्हणतात, म्हणजे जेवण झाल्यावर एकटं बसून हळूहळू प्यायची, घरचे काहीही म्हणोत. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र नको, एवढं अल्कोहोल तिखटाला आणखी पेटवतं.

लेबलवर रूम टेम्परेचर लिहिलेलं असलं तरी ते व्हेरोनाच्या दगडी घरातलं, 18 अंशांच्या आसपासचं. मी पहिली बाटली मे महिन्यात मुंबईत तशीच कपाटातून काढून उघडली आणि नाकात नुसतं स्पिरिट भरलं, द्राक्ष कुठे सापडेना. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली, रुंद ग्लासमध्ये ओतली आणि तासभर विसरलो, तेव्हा कुठे चेरी आणि कोको वर आले. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. न उघडलेली, चांगल्या वर्षाची, आडवी आणि गार ठेवली तर वीस वर्षंही.