मूल जन्मतः बहिरं असेल तर त्याचे डोळेही तपासा

"एक इंद्रिय गेलं की देव दुसरं तेज करतो" असं आपल्याकडे सर्रास बोलतात, त्यामुळे कर्णबधिर मुलाच्या डोळ्यांची चिंता कुणी करतच नाही. अशर सिंड्रोम या आनुवंशिक आजारात मात्र कान आणि डोळे दोन्ही जातात. यातल्या टाइप 1 मध्ये मूल जन्मतः बहिरं असतं आणि साधारण शाळेच्या वयात रातांधळेपणा सुरू होतो.

हे होतं कसं ते फार भारी आहे. आतल्या कानात ऐकण्यासाठीच्या सुमारे 15 हजार केसपेशी असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक तंतू उंचीनुसार रांगेत उभे, आणि बुटक्या तंतूचं टोक शेजारच्या उंच तंतूला एका अतिसूक्ष्म धाग्यानं जोडलेलं. आवाजानं तंतू झुकले की धागा ताणतो, त्या ओढीनं आयन चॅनल (पेशीच्या आवरणातलं बारीक दार) उघडतं, पोटॅशियम आत शिरतं, आणि पुढे सिग्नल मेंदूकडे जातो. हा धागा दोन प्रोटीनचा, वरून कॅडहेरिन-23 आणि खालून प्रोटोकॅडहेरिन-15. यातल्या एकाचा जीन बिघडला तरी आवाज कानात पोचतो पण चॅनलला ओढच बसत नाही. तोल सांभाळणाऱ्या केसपेशींचंही तेच, म्हणून ही मुलं बरेचदा दीड वर्षानंतर चालायला लागतात. आणि हीच प्रोटीनं रेटिनातल्या (डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या) प्रकाशपेशींनाही लागतात! तिथे आधी रॉड पेशी मरतात, त्या अंधुक उजेडासाठी असतात आणि मध्यभाग सोडून आजूबाजूला जास्त असतात, म्हणून आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेचं, शेवटी नळीतून बघितल्यासारखं.

हा रातांधळेपणा गाजरानं जात नाही, आणि आईनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून तर अजिबात आलेला नाही. बिघडलेला जीन आई आणि बाबा दोघांकडून यावा लागतो, नात्यात लग्न असेल तर ती शक्यता वाढते.

आपल्याकडे कानाची ओपीडी वेगळी, डोळ्याची वेगळी, दोन्हीचा ताळमेळ कुणी घालत नाही, हे बदलायला हवं. जन्मतः बहिरेपणा दिसला की जेनेटिक टेस्ट आणि डोळ्यांची ईआरजी टेस्ट (रेटिना प्रकाशाला किती विद्युत प्रतिसाद देतो ते मोजणारी) व्हायला हवी, ईआरजीत रॉडचा बिघाड लक्षणांच्या आधीच पकडता येतो. निदान लवकर झालं तर कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऐकण्यासाठी आतल्या कानात ऑपरेशन करून बसवायच्या यंत्राचा) निर्णयही लवकर घेता येतो, कारण पुढे ओठांची हालचाल आणि हातांच्या खुणांची भाषा दिसणं कमी होणार असतं. कर्णबधिर शाळांमधल्या शिक्षकांनाही हे शिकवायला हवं, नजर अरुंद झालेल्या मुलाशी खुणा छातीसमोर छोट्या चौकटीत, जरा लांब उभं राहून करायच्या, आणि नंतर त्याच खुणा हातात हात देऊन. मुंबईची हेलन केलर इन्स्टिट्यूट 1977 पासून बहिऱ्या आणि बहिऱ्या-अंध मुलांसाठी काम करतेय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही बहिरेपणा आणि अंधत्व एकत्र असलेल्यांची नोंद आहे, त्यामुळे दिव्यांग सर्टिफिकेट काढताना फक्त 'कर्णबधिर' लिहून घेऊ नका.