पावडर-बेड लेझर मशीन (एसएलएस आणि एसएलएम)

पावडरचा पातळ थर पसरायचा, त्यातला हवा तेवढाच भाग लेझरने वितळवायचा, प्लॅटफॉर्म केसभर खाली घ्यायचा, परत पावडर, परत लेझर... असं शेकडो-हजारो वेळा करत पार्ट तयार करणारी ही थ्रीडी प्रिंटिंगची मशीन. प्लास्टिकसाठीची ती एसएलएस म्हणजे सिलेक्टिव्ह लेझर सिंटरिंग, मेटलसाठीची एसएलएम (सिलेक्टिव्ह लेझर मेल्टिंग) किंवा डीएमएलएस (डायरेक्ट मेटल लेझर सिंटरिंग). डीएमएलएसमधल्या एसचा अर्थ सिंटरिंग, म्हणजे पूर्ण न वितळवता तापवून कण चिकटवणं, असला तरी आजच्या मशीनमध्ये मेटल पूर्णच वितळतं.

एसएलएसची सुरुवात अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात झाली, कार्ल डेकार्ड हा विद्यार्थी आणि जो बीमन हे त्याचे प्रोफेसर. पेटंटचा अर्ज १९८६ चा, पेटंट मिळालं १९८९ ला. त्यातून डीटीएम कंपनी उभी राहिली जी २००१ मध्ये थ्रीडी सिस्टिम्सने विकत घेतली. मेटलचं काम मात्र जास्त जर्मनीत वाढलं, म्युनिकजवळची ईओएस आणि आखेनची फ्राउनहोफर इन्स्टिट्यूट ही त्यातली मोठी नावं.

लोक विचारतात लेझर किती वॅटचा, पण खरं सांगायचं तर निम्मी डोकेदुखी पावडर, उष्णता आणि गॅसची असते. नायलॉनच्या, म्हणजे एसएलएस मशीनमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर असतो कारण त्याची १०.६ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वेव्हलेंथ प्लास्टिक चांगली शोषतं. सगळा पावडरचा बेड वितळायच्या जरा खालच्या तापमानाला धरून ठेवतात, नायलॉन १२ ला साधारण १७० अंश, म्हणजे लेझरला फक्त शेवटचा धक्का द्यायचा उरतो. न वितळलेली पावडरच पार्टला आधार देते त्यामुळे सपोर्ट, म्हणजे पार्टसोबतच छापायचे टेकू, लागत नाहीत आणि पार्ट एकावर एक रचून अख्खा डबा भरता येतो. पण जॉब संपल्यावर घाई करून उघडलं की पार्ट वाकलेच म्हणून समजा, कित्येक तास हळूहळू थंड होऊ द्यावं लागतं. उरलेली पावडर परत वापरतात खरी, पण इतका वेळ तापून ती जुनी झालेली असते, तिच्यात नवी पुरेशी मिसळली नाही तर पार्टचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो.

मेटलचा मामला वेगळा. इथे फायबर लेझर, थर साधारण २० ते ६० मायक्रॉनचा, पावडरचे कण बहुतेक १५ ते ४५ मायक्रॉनचे आणि गोल हवेत, नाहीतर पावडर नीट पसरत नाही. चेंबरमध्ये आर्गॉन किंवा नायट्रोजन भरतात, टायटॅनियमला आर्गॉनच, कारण ते नायट्रोजनशीही रिअ‍ॅक्ट होतं. गॅसचा प्रवाह धूर आणि उडालेले कण बाजूला नेतो, तो कमी पडला की धूर लेझरच्या वाटेत येतो आणि पार्टमध्ये बारीक पोकळ्या राहतात. इथे सपोर्ट लागतात, वजन पेलायला कमी आणि उष्णता खाली न्यायला, पार्ट खालच्या प्लेटला जखडून ठेवायला जास्त. आतल्या ताणामुळे एखादी कड वर उचलली गेली आणि पावडर पसरणारं ब्लेड तिला धडकलं की रात्रभर चाललेला जॉब गेला.

प्रिंट झालं म्हणजे पार्ट झाला असं नाही. आधी प्लेटसकट भट्टीत स्ट्रेस रिलीव्ह (तापवून आतला ताण घालवणं), मग वायर कटने (विजेवर कापणाऱ्या तारेने) प्लेटवरून काढणं, सपोर्ट तोडणं, ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा करून साफ करणं), लागेल तिथे मशीनिंग. कोटेशन काढताना हा खर्च हमखास कमी धरला जातो.

मग एवढा खटाटोप का? तर इस्रोचं उदाहरण बघा. पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं पीएस४ इंजिन लेझर पावडर-बेडवर बनवून ९ मे २०२४ ला ६६५ सेकंद चालवून बघितलं, १४ पार्टचा झाला एक, १९ वेल्ड जॉइंट गेले, आणि जिथे ५६५ किलो कच्चा माल लागायचा तिथे १३.७ किलो पावडर लागली. जीई आणि फ्रान्सच्या साफ्रानच्या लीप विमान इंजिनाच्या फ्युएल नोझलच्या (इंधन फवारणाऱ्या तोटीच्या) टोकातही साधारण २० तुकड्यांचा एक झाला. दाताच्या लॅबमध्ये कोबाल्ट-क्रोमच्या कॅप याच पद्धतीने बनतात. साधा ब्रॅकेट मात्र सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर) पटकन निघत असेल तर तो इथे आणणं हा निव्वळ हौसेचा खर्च आहे.

सेफ्टीकडे दुर्लक्ष नको, टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियमची बारीक पावडर ठिणगीने पेट घेते, साधा व्हॅक्यूम क्लीनर चालत नाही, अर्थिंग आणि मास्क लागतोच. मटेरियल बदलायचं तर अख्खं चेंबर, चाळण्या, फिल्टर सगळं साफ करावं लागतं आणि एवढं करूनही आधीच्या मेटलचे कण राहिले तर पार्ट खराब, म्हणून ज्यांना परवडतं ते टायटॅनियमला वेगळी मशीनच ठेवतात.