दोरीच्या आतलं पीक: पैसेवारी, पीक कापणी आणि दोन सातारकर

२०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयातला पीक विमा बंद झाला. गारपिटीचं, काढणीनंतरच्या पावसाचं अशी वेगवेगळी भरपाई मिळायची, तीही त्याबरोबर गेली. आता खरिपाला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकाला ५ टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा. भरपाई मिळेल की नाही, हे मुख्यतः एकच आकडा सांगणार: आपल्या भागात झालेल्या पीक कापणी प्रयोगांची सरासरी. प्रयोग म्हणजे शेतातला ठरावीक मापाचा तुकडा कापून त्याचं धान्य तोलायचं.

माण-खटावकडच्या पारावर सध्या या 'प्रयोगा'बद्दल बरंच बोललं जातं आणि बहुतेक वेळा रागाने. राग समजण्यासारखा आहे. पण ही पद्धत आली कुठून आणि तिच्या आधी काय होतं, हे माहीत असल्याशिवाय नेमकं कशावर रागवायचं ते कळत नाही. आणि या पद्धतीच्या इतिहासात सातारा जिल्ह्यात जन्मलेली दोन माणसं ऐन मध्यावर उभी आहेत, हे आपल्याच जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक आहे.

आधी आणेवारी. रुपयाचे सोळा आणे, तसं पूर्ण पीक सोळा आणे. निम्मं आलं तर आठ आणे. तलाठी-मामलेदाराने शिवारातून फिरायचं, उभ्या पिकावर नजर टाकायची आणि आकडा सांगायचा. १९५७ मध्ये दशमान नाणी आली तसे आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली आणि '५० पैशांच्या आत' हे शब्द दुष्काळाच्या बातम्यांत कायमचे बसले. गावात अजूनही दोन्ही शब्द चालतात.

या आकड्याच्या मागे पैसा होता. मुंबई इलाख्यात पीक ४ आणे किंवा त्याहून कमी आलं, तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब करून मागता येत असे. १९१८ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात वाद पेटला तो याच रेघेवर. सरकार म्हणत होतं पीक चार आण्यांच्या वर आहे, शेतकरी म्हणत होते खाली आहे. तिथून सत्याग्रह उभा राहिला. त्या भांडणाकडे मी कितीदा तरी वळून पाहतो, कारण दोन्ही बाजूंकडे मोजमाप नव्हतं. एकाची नजर आणि दुसऱ्याची नजर, एवढंच. सातारा तेव्हा त्याच इलाख्यात, त्याच नियमाखाली होता.

नजरेत खोट होती ती मुख्यतः 'पूर्ण पीक' या कल्पनेत. सोळा आणे म्हणजे किती मण, हे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं. सरकारी उत्पादनाचा अंदाजही असाच निघे: पेरणीचं क्षेत्र, गुणिले कागदावरचं 'प्रमाण' उत्पादन, गुणिले आणेवारी. तीन आकड्यांतला एकच, म्हणजे क्षेत्र, त्यातल्या त्यात मोजलेला.

याला पहिला धक्का बिहार-ओडिशात बसला. हबॅक नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १९२३ ते १९२५ या काळात भातशेतीत चिठ्ठी टाकल्यासारख्या जागा निवडल्या, तेवढा तुकडा कापला आणि वजन केलं. जागा निवडायला माणसाची मर्जी नको, नशीब हवं, एवढीच कल्पना. आधुनिक सांख्यिकीचा पाया घालणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनीही त्या कामाची दखल घेतली. मग १९३०-४० च्या दशकांत बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी हे काम फार मोठ्या प्रमाणावर नेलं.

आणि इथे येतात पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

जन्म २७ जुलै १९११, गाव बुध, तालुका खटाव. पुसेगावच्या बाजूचं, महादेवाच्या डोंगराच्या सावलीतलं गाव. पाऊस बेताचा. फर्ग्युसनमधून १९३२ साली गणितात पदवी, मग लंडन, तिथे १९३६ मध्ये डॉक्टरेट. नमुना पाहणीचं गणित ज्या काळात घडत होतं, त्याच काळात आणि ते घडवणाऱ्या नेमन-पीअर्सन या सांख्यिकीतज्ज्ञांच्या सहवासात ते शिकले. परत आल्यावर १९४० पासून दिल्लीत, कृषी संशोधन परिषदेत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने दाखवून दिलं होतं की देशात धान्य किती पिकतं हेच नीट माहीत नसेल, तर माणसं मरतात. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी गहू आणि भातासाठी प्रांताप्रांतांत पीक कापणीची पद्धत बसवली.

त्यांचा आणि महालनोबिस यांचा एक वाद गाजला. कापायचा तुकडा केवढा असावा? वरवर पाहता क्षुल्लक, पण मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वात शिकवणारा भाग वाटतो. महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे, अगदी दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळापर्यंत. काम झटपट होतं आणि तेवढ्याच खर्चात जास्त ठिकाणी जाता येतं. सुखात्मे म्हणाले, लहान तुकडा उत्पादन फुगवतो.

कसा, ते आपल्या रानात उभं राहून बघावं. तुकड्याभोवती दोरी ताणली की काही ताटं नेमकी दोरीवर येतात. आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत आत धरतो. भरलेलं कणीस बाहेर टाकायला जीव होत नाही. आता हिशोब करा. १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद तुकड्याला दोरी लागते ३० मीटर, क्षेत्र ५० चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला ६० सेंटिमीटर दोरी. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात हेच प्रमाण दर चौरस मीटरला सव्वातीन मीटरच्या वर जातं, पाचपटीहून जास्त. जितकी दोरी जास्त, तितकी दोरीवरची ताटं जास्त, तितकी चूक मोठी. आणि ही चूक एका दिशेची आहे. जास्त ठिकाणी कापून ती कमी होत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी ती वरच ढकलते. प्रत्यक्ष शेतात वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापून सुखात्मे यांनी हे दाखवलं आणि १९४६ मध्ये 'नेचर' नियतकालिकात मांडलं.

आज ज्वारी-बाजरीला सहसा १० बाय ५ मीटरचा तुकडा आखतात, त्यामागे हा वाद आहे. तुकडा कापायला वेगळी फौज न आणता तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायकच येतात, त्यामागेही तोच आहे. मोठा तुकडा असेल तर गावपातळीवरचा साधा कर्मचारीही विश्वासार्ह काम करू शकतो, यावर सुखात्मे यांचा भरवसा होता. १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले आणि १९७० पर्यंत तिथल्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख राहिले. १९७१ ला पद्मभूषण. शेवटची वर्षं पुण्यात. १९९७ मध्ये ते गेले. पोषणावरचं त्यांचं काम स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मोजायची रीत मिळाली. त्या मोजणीवर शेतकऱ्याला पैसे द्यायचे कसे, हा प्रश्न दुसऱ्या सातारकराने सोडवला: विनायक महादेव दांडेकर. जन्म सातारा, १९२०. नीलकंठ रथ यांच्यासोबत १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशोब मांडणारे, पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक आणि महाराष्ट्राच्या प्रादेशिक अनुशेषाचं मोजमाप करणाऱ्या समितीचे अध्यक्ष. लोकांना ते या शेवटच्या कामामुळे आठवतात. पीक विम्याशी त्यांचं नाव क्वचितच जोडलं जातं.

विम्याचा पहिला प्रयत्न १९७२ मध्ये गुजरातेत संकरित कापसावर झाला, मग इतर पिकांवर आणि काही राज्यांत. प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगळं बघायचं, अशी रीत. १९७८-७९ पर्यंत फक्त ३,११० शेतकरी आले. हप्ता जमला ४ लाख ५४ हजार रुपये, भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार. हे टिकणं शक्य नव्हतं. एकेका रानात माणूस पाठवणं परवडत नाही, आणि नुकसान निसर्गाने झालं की हेळसांडीने, हे ठरवणार कोण?

दांडेकरांनी १९७६ मध्ये वेगळा मार्ग मांडला. एकेक शेत सोडा, सारख्या हवामानाचा एक भाग घ्या. त्या भागात पीक कापणीची सरासरी नेहमीच्या उत्पादनाच्या खाली गेली, तर तिथल्या सगळ्या विमाधारकांना त्याच प्रमाणात भरपाई द्या. ज्याने कष्ट करून शेजाऱ्यापेक्षा जास्त पिकवलं, त्यालाही तेवढीच मिळते, म्हणून हात आखडून बसण्याचा मोह राहत नाही. १९७९ च्या प्रायोगिक योजनेपासून १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, सगळ्यांचा कणा हाच.

'सारख्या हवामानाचा भाग' या शब्दांवर मात्र सगळं अडतं, आणि ते साताऱ्याइतकं कुठे कळणार? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, माण-खटावला ५०० च्या आसपास. या दोन्हींची सरासरी काढली तर जिल्ह्यात कुठेच न पडणारा पाऊस हाती येतो. म्हणून भाग लहान होत गेला: तालुका, मग महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट. पण भाग लहान केला की प्रत्येक भागात प्रयोगही थोडेच होतात. तालुक्याला निदान १६ प्रयोग, मंडळाला १०, असा दंडक १९९९ च्या योजनेपासून चालत आला.

दहा प्रयोग पुरतात का? एक हिशोब मांडतो, आकडे समजुतीपुरते. एका मंडळात बाजरीचे दहा तुकडे कापले. प्रत्येकी ५० चौरस मीटर. धान्य निघालं ३, ४, ४, ५, ५, ६, ६, ७, ८ आणि १२ किलो. बेरीज ६०, सरासरी ६ किलो. हेक्टरी १२ क्विंटल. समजा उंबरठा उत्पादनही १२ क्विंटल आहे. (गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने, म्हणजे विम्याचं संरक्षण जितक्या टक्के उत्पादनाला आहे त्याने, गुणलं की उंबरठा मिळतो.) सरासरी उंबरठ्याला टेकली, म्हणजे भरपाई शून्य.

आता तो १२ किलोचा तुकडा बघा. तिथे खुंटी चिठ्ठीने ठरलेल्या जागी न ठोकता विहिरीजवळच्या हिरव्या पट्ट्यात सरकवली होती आणि खऱ्या जागी ५ किलोच निघाले असते, असं धरा. बेरीज ५३, हेक्टरी १०.६ क्विंटल. तूट १.४ क्विंटल. विमा रक्कम हेक्टरी ३०,००० असेल, तर भरपाई हेक्टरी ३,५०० रुपये. एका खुंटीने अख्ख्या मंडळातल्या प्रत्येक हेक्टरमागे साडेतीन हजार गेले.

याच्याही पुढचं एक गणित आहे, आणि ते कुणी लबाडी केली नाही तरी लागू पडतं. वरच्या दहा आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, सुमारे २.६ किलो येतं. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागलं की सरासरीची प्रमाण त्रुटी निघते, म्हणजे नुसत्या नशिबाने सरासरी साधारण किती इकडेतिकडे होऊ शकते ते: हेक्टरी सुमारे १.६ क्विंटल. म्हणजे १२ आणि १०.६ यांच्यातला फरक निव्वळ चिठ्ठीच्या नशिबानेही पडू शकतो. ही त्रुटी निम्मी करायची तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात: दहाचे चाळीस. माणसं आणि दिवस कुठून आणायचे? २०२३ पासून भात आणि गव्हाच्या अंदाजात उपग्रहावर आधारित तंत्राला किमान ३० टक्के वजन दिलं गेलं, ते याच अडचणीपोटी. मला उपग्रह नको असं वाटत नाही. पण त्याचा आकडा खरा की खोटा, हे ताडून बघायलाही शेवटी रानात कापलेला तुकडाच लागतो. मंडळाची सरासरी जाहीर करताना शेजारी तिची त्रुटीही छापावी, अशी माझी मागणी आहे. छापायला एक ओळ लागते आणि वाद कशावर घालायचा ते गावाला कळतं.

काही वर्षांपूर्वी खटाव तालुक्यात बाजरीची अशी एक कापणी मी बांधावर उभं राहून पाहिली. चिठ्ठीत गट नंबर निघाला होता एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. नैऋत्य कोपऱ्यातून सुरुवात. कृषी सहायक, पंचविशीची मुलगी, कागदावरचा आकडा वाचून लांबीकडे पावलं मोजत गेली, मग रुंदीकडे वळली आणि थांबली. नेमकी तिथे मुरमाड जागा होती. बाजरी गुडघ्याच्या जरा वर, कणसं बोटभर.

"बाई, हितं नगं," आबा कळवळून म्हणाले. "त्या तालीखाली या की. तिथं बघा कशी बाजरी आलीया. हे लिहून नेलं तर लोक म्हणतील ह्याला शेती येत न्हाई."

मागून त्यांचा पुतण्या हळूच बोलला, "आबा, गप बसा. कमी निघालं तर विमा मिळतोय."

मुलीने दोघांचंही ऐकून घेतलं. "आबा, जागा माझ्या हातात नाही. कागदावर जी आली ती," म्हणाली आणि तिथेच खुंटी ठोकली. दोरी ताणली, कोपरे काटकोनात आहेत का ते बघितलं. दोरीवर आलेल्या प्रत्येक ताटाच्या बुडाशी वाकून पाहिलं: बूड आत असेल तर घ्यायचं, नाहीतर सोडायचं. एक टपोरं कणीस तिने बाहेर सोडलं. आबांनी ते उचलून पुतण्याकडे दिलं.

कणसं ताडपत्रीवर बडवली, सुपाने पाखडली, काट्यावर टांगली. ३ किलो २०० ग्रॅम. तिने मोबाईलमध्ये फोटो घेतला, आकडा भरला, आबांना वाचून दाखवला आणि अंगठा नको, सही करा म्हणाली, कारण त्यांना सही येत होती. आबांनी सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.