ट्रेलर ओढणारे पिकअप ट्रक : हलके व अवजड वर्ग

मागे उघडा हौदा असलेल्या आणि ट्रेलर ओढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारगाड्यांचे उत्तर अमेरिकेत रूढ झालेले दोन वर्ग. बोलीभाषेत हलक्या वर्गाला ‘हाफ टन’ म्हणतात, तर अवजड वर्गात ‘थ्री-क्वार्टर टन’ आणि ‘वन टन’ असे दोन पोटभेद येतात. फोर्डचा एफ-१५०, शेव्हरोलेचा सिल्व्हराडो १५०० आणि रॅम १५०० हे हलक्या वर्गातले प्रमुख ट्रक होत. एफ-२५०, एफ-३५० किंवा २५०० आणि ३५०० हे आकडे लावलेले ट्रक अवजड वर्गात मोडतात. फिरते घर, नाव, घोडे किंवा यंत्रसामग्री वाहणारा ट्रेलर ओढायचा असेल, तर यांपैकी कोणता ट्रक घ्यावा हा प्रश्न बहुधा इंजिनाच्या ताकदीवरून मांडला जातो. प्रत्यक्षात निर्णायक ठरते ती मागच्या एक्सलची (चाकांच्या आसाची) आणि चेसिसची (गाडीच्या सांगाड्याची) भार सोसण्याची क्षमता.

वर्गवारी व तिचा उगम : टनांची ही नावे मुळात हौद्यात किती माल मावेल याची निदर्शक होती. अमेरिकी टन २,००० पौंडांचा (सुमारे ९०७ किग्रॅ.), म्हणजे ‘हाफ टन’ ट्रकने ढोबळमानाने १,००० पौंड माल वाहावा अशी अपेक्षा असे. कारखान्यातून हौद्यासह तयार होऊन बाहेर पडलेला पहिला पिकअप म्हणून सामान्यतः फोर्डच्या १९२५ च्या मॉडेल टी गाडीचा उल्लेख होतो. स्थानिक कारागिरांनी मोटारींवर लाकडी हौदे बसवण्याची प्रथा मात्र त्याआधीची आहे. फोर्डने १९४८ मध्ये एफ-१, एफ-२, एफ-३ अशी चढती मालिका आणली आणि १९५३ मध्ये तिचे नामांतर एफ-१००, एफ-२५०, एफ-३५० असे केले. आज हाफ टन ट्रकच्या हौद्यात १,००० पौंडांपेक्षा बराच अधिक माल चालतो, त्यामुळे ही नावे केवळ दर्जा दाखवण्यापुरती उरली आहेत.

एफ-१५० च्या जन्माविषयी दोन मते आढळतात. हा ट्रक १९७५ च्या मालिकेत एफ-१०० आणि एफ-२५० यांच्या मधोमध आला. एका मताप्रमाणे तो निव्वळ बाजारपेठेच्या गरजेतून निघाला : एफ-१०० अपुरा पडे आणि एफ-२५० जड वाटे, अशा ग्राहकांसाठी ‘हेवी हाफ’ म्हणून तो पुढे करण्यात आला. दुसऱ्या मताप्रमाणे कारण नियमांत होते. त्या वर्षीपासून लागू झालेल्या उत्सर्जन-नियमांमुळे ६,००० पौंडांपर्यंतच्या हलक्या ट्रकना उत्प्रेरक परिवर्तक (धुरातील विषारी वायू घटवणारे उपकरण) बसवणे आणि शिसेविरहित पेट्रोल वापरणे व्यवहारात अटळ झाले. त्याहून जड ट्रक मात्र त्यातून सुटत होते. एफ-१५० चे कमाल अनुज्ञेय एकूण वजन ६,०५० पौंड ठेवले होते. मर्यादेच्या जेमतेम वर असलेला हा आकडा योगायोगाने आला असे मानणे कठीण जाते. शेव्हरोलेनेही साधारण त्याच सुमारास ‘बिग १०’ हा ट्रक अशाच जोर वाढवलेल्या रूपात आणला, हेही दुसऱ्या मताला पूरक आहे. तथापि दोन्ही कारणे एकमेकांना छेद देत नाहीत आणि ती एकत्रच कार्यरत असावीत. एफ-१०० चे उत्पादन १९८३ च्या मालिकेनंतर अमेरिकेत थांबले आणि ‘हेवी हाफ’ हाच साधा हाफ टन बनला. फोर्डने १९९९ च्या मालिकेपासून अवजड ट्रकांची चेसिस आणि केबिन हलक्यांपासून पूर्णपणे वेगळी केली. तोवर दोन्ही वर्गांत बाह्य साम्य पुष्कळ होते.

सरकारी वर्गवारीत टनांना स्थान नाही. ती कमाल अनुज्ञेय एकूण वजनावर, म्हणजे ट्रक, इंधन, माणसे आणि माल मिळून उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेवर, आधारलेली आहे. ६,००० पौंडांपर्यंत वर्ग १, तेथून १०,००० पर्यंत वर्ग २ आणि १४,००० पर्यंत वर्ग ३. वर्ग २ चे ८,५०० पौंडांवर दोन भाग पडतात. खालच्या भागात हाफ टन येतात आणि वरच्या भागात थ्री-क्वार्टर टन. हीच ८,५०० पौंडांची रेषा खरेदीदाराला आणखी एका ठिकाणी भेटते : तिच्यावरील पिकअपवर इंधन-कार्यक्षमतेचे सरकारी लेबल लावणे बंधनकारक नसल्याने हलक्या व अवजड ट्रकांच्या इंधनखर्चाची छापील आकड्यांवरून तुलना करता येत नाही.

रचनेतील भेद : अवजड ट्रक हा हलक्या ट्रकचीच मोठी आवृत्ती आहे हा समज चुकीचा आहे. हाफ टनच्या मागच्या एक्सलमध्ये चाक फिरवणारा दांडाच गाडीचा भारही पेलतो. अवजड ट्रकमध्ये भार एक्सलच्या बाहेरील नळीवर आणि बेअरिंगांवर असतो, आतील दांडा फक्त चाक फिरवतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहते. चाकाला पाच किंवा सहाऐवजी आठ बोल्ट, अधिक दाब सहन करणारे टायर, मोठ्या ब्रेक-डिस्क, धक्के शोषणारे जाड पाटे आणि मोठे रेडिएटर ही पुढची लक्षणे. ‘ड्युअली’ प्रकारात मागे प्रत्येक बाजूला दोन टायर असतात. त्यांमुळे भारक्षमता वाढतेच, शिवाय बाजूच्या वाऱ्यात ट्रक स्थिर राहतो.

मागचे सस्पेन्शन पाट्यांचेच असले पाहिजे असे नाही. रॅम १५०० ला २००९ पासून आणि रॅम २५०० ला २०१४ पासून मागे कॉइल स्प्रिंगा आहेत.

ओढक्षमता कशी ठरते : जाहिरातीतील ओढक्षमतेचा आकडा दीर्घकाळ प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने काढत असे. त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना फारशी अर्थपूर्ण नव्हती. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये जे२८०७ हे मानक प्रसिद्ध केले. ते ऐच्छिक आहे. टोयोटाने २०११ च्या टुंड्रासाठी ते प्रथम स्वीकारले आणि त्या ट्रकची जाहीर ओढक्षमता शेकडो पौंडांनी खाली आली. अमेरिकी कंपन्यांचे हाफ टन ट्रक सुमारे २०१५ पर्यंत या मानकाखाली आले, अवजड ट्रक टप्प्याटप्प्याने.

मानकातील सर्वांत प्रसिद्ध कसोटी ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या चढाची आहे. बुलहेड सिटीजवळून युनियन पासकडे जाणारा हा राज्यमार्ग ६८ चा ११.४ मैलांचा टप्पा असून तो सुमारे ३,००० फूट उंची गाठतो. हवेचे तापमान किमान १०० अंश फॅरनहाइट (सुमारे ३८° से.) असताना, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, जोडलेल्या ट्रेलरसह ट्रकने वेग ताशी ४० मैलांखाली जाऊ द्यायचा नाही, ड्युअलीला ३५ मैलांची सवलत आहे. इंजिन तापून काही निकामी होता कामा नये. सपाट रस्त्यावर थांबलेल्या स्थितीतून ताशी ६० मैलांचा वेग ३० सेकंदांत गाठणे आणि १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघणे याही अटी आहेत. चढावर पुन्हा निघण्याची ही कसोटी पुढे जाताना द्यावी लागते तशी मागे येतानाही. वळणावरील स्थैर्य व ट्रेलरच्या हेलकाव्यांचे शमन हेही तपासले जाते. चाचणीत चालक व एक प्रवासी प्रत्येकी १५० पौंडांचे धरले जातात. तिसरा माणूस, मागच्या आसनावरील मुले, हौद्यातला जनित्र-संच यांचे वजन त्यात नसते, आणि सर्व घोटाळा येथून सुरू होतो.

हिचभार व भारक्षमता : ट्रेलरचे सर्व वजन त्याच्या चाकांवर नसते. काही भाग हिचवर (ट्रेलर जोडण्याच्या सांध्यावर), म्हणजे ट्रकवर, खाली दाबतो. बॉल-हिचच्या, म्हणजे ट्रकच्या मागे लावलेल्या गोळ्यावर अडकणाऱ्या, ट्रेलरमध्ये हा हिचभार भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. तो कमी ठेवल्यास ट्रेलर वेगात डोलू लागतो, म्हणून ‘पुढचे सामान मागे सरकवून हिचभार कमी करणे’ हा उपाय धोकादायक आहे. हौद्यात बसवलेल्या फिफ्थ-व्हील जोडणीत हे प्रमाण १५ ते २५ टक्क्यांपर्यंत जाते.

हा भार ट्रकच्या भारक्षमतेतून, म्हणजे ट्रकला स्वतःच्या अंगावर वाहता येणाऱ्या वजनातून, वजा होतो. समजा, एका हाफ टन ट्रकची जाहीर ओढक्षमता ११,००० पौंड आणि भारक्षमता १,५०० पौंड आहे. त्याला ८,५०० पौंडांचा भरलेला ट्रेलर जोडला. ओढक्षमतेच्या हिशेबाने २,५०० पौंड शिल्लक दिसतात. परंतु १३ टक्क्यांनी हिचभार १,१०५ पौंड, हिचचे साहित्य १०० पौंड आणि चार माणसे ५५० पौंड धरल्यास बेरीज १,७५५ पौंड होते. हौद्यात एकही वस्तू न टाकता ट्रक २५५ पौंडांनी अतिभारित झालेला असतो. ट्रेलरचे पुस्तिकेत छापलेले वजन रिकाम्या ट्रेलरचे असते. त्याच्या टाकीत ४० गॅलन पाणी भरले तरी सुमारे ३३० पौंड वाढतात.

भारक्षमतेचा विश्वसनीय आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर असतो. ‘माणसे व सामान यांचे एकत्रित वजन इतक्याहून अधिक नसावे’ असे तेथे लिहिलेले असते आणि तो आकडा त्या विशिष्ट ट्रकचा असतो. छत उघडणारी काच, चामडी आसने, चारचाकी चालन यांसारख्या सुविधांनी तो घटतो. त्यामुळे एकाच नावाच्या दोन ट्रकांत शेकडो पौंडांचा फरक पडतो आणि महागडा ट्रक अनेकदा कमी भार वाहतो. माहितीपत्रकातील कमाल आकड्यावरून खरेदीचा निर्णय घेऊ नये.

भार कोठे पडतो हेही महत्त्वाचे आहे. बॉल मागच्या एक्सलच्या मागे असल्याने तेथील भार पुढची चाके उचलू पाहतो. दोन्ही एक्सलांमधील अंतर १२ फूट आणि बॉल मागच्या एक्सलपासून ४ फूट मागे धरल्यास, १,००० पौंडांच्या हिचभाराने मागच्या एक्सलवर सुमारे १,३३३ पौंड वाढतात आणि पुढचा ३३३ पौंडांनी हलका होतो. सुकाणूची पकड त्यामुळे सैल होते. भार-वितरक हिचमधील ताणलेल्या पट्ट्या यातील काही भार पुढच्या चाकांकडे व ट्रेलरच्या चाकांकडे परतवतात. त्यांनी ट्रक समपातळीत येतो, भारक्षमता मात्र वाढत नाही. मागच्या सस्पेन्शनला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या बसवूनही ती वाढत नाही. फिफ्थ-व्हीलचा भार एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे येत असल्याने हा दोष तीत उद्भवत नाही. पण १२,००० पौंडांच्या अशा ट्रेलरचा २० टक्के भार म्हणजे २,४०० पौंड, आणि तो बहुतेक हाफ टन ट्रकांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

डिझेलचा पेच : डॉजने १९८९ च्या मालिकेत कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन अवजड पिकअपमध्ये बसवले, तेव्हापासून ‘ट्रेलर ओढायचा तर डिझेल’ ही धारणा पक्की झाली. इंजिनाच्या कमी फेऱ्यांत मिळणारा मोठा टॉर्क (फिरवण्याचा जोर), इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोमुळे उंचावर टिकणारी शक्ती आणि धूर अडवून इंजिनाकरवीच वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक हे त्याचे खरे गुण. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन दर १,००० फूट उंचीमागे सुमारे ३ टक्के शक्ती गमावते. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगद्याकडे, ११,००० फुटांवर, चढताना ही घट तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ जाते. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक चाकांचे ब्रेक तापू देत नाही. लांब घाटांतून वारंवार जाणाऱ्यासाठी ही बाब चढावरील वेगापेक्षा मोलाची समजावी.

मात्र असे डिझेल इंजिन एकटेच हजार पौंडांहून जड असते. अनेक थ्री-क्वार्टर टन ट्रकांचे कमाल एकूण वजन १०,००० पौंडांवर रोखलेले असते, कारण १०,००१ पौंडांपासून आंतरराज्य व्यापारी वाहनांचे संघीय नियम लागू होतात आणि काही राज्यांत नोंदणीचे दरही बदलतात. वजनमर्यादा १०,००० वर स्थिर आणि ट्रकचे स्वतःचे वजन वाढलेले, म्हणून सुसज्ज डिझेल थ्री-क्वार्टर टनची भारक्षमता कधीकधी चांगल्या हाफ टनच्या जवळपास उतरते. त्याच ट्रकची पेट्रोल आवृत्ती कमी ओढते पण अधिक भार वाहते. फिफ्थ-व्हील घेणाऱ्यांना अखेरीस वन टनकडे जावे लागते ते प्रामुख्याने याच कारणाने. खाजगी वापरासाठी थ्री-क्वार्टर आणि वन टन यांच्या किमतीतील अंतर तुलनेने कमी असल्याने थेट वन टन घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

निवडीच्या सीमा : भरलेला ट्रेलर ५,००० ते ६,००० पौंडांपर्यंत असल्यास हाफ टन पुरतो आणि रोजच्या वापरात तोच अधिक सुखकर असतो. रिकामा अवजड ट्रक खडबडीत रस्त्यावर उसळतो, त्याचे वळण मोठे असते आणि इंधन व देखभाल महाग पडते. ७,००० ते ९,००० पौंडांचा पट्टा वादग्रस्त आहे. येथे ट्रेलरची लांबी व उभा पृष्ठभाग वजनाइतकेच महत्त्वाचे ठरतात, कारण ३० फुटी उंच ट्रेलरवर वाऱ्याचा रेटा मोठा असतो आणि जड, लांब ट्रक तो अधिक सहज पेलतो. त्याहून पुढे अवजड वर्ग घ्यावा. शंका असल्यास भरलेला ट्रक व ट्रेलर ट्रक-थांब्यावरील वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक एक्सलचे वजन स्वतंत्र पाहणे हा एकमेव निर्णायक मार्ग होय.

कोणत्याही वर्गात ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरला ते सक्तीचे आहेत. त्यांचा नियंत्रक कारखान्यातूनच बसवून देण्याची सुरुवात फोर्डने २००५ च्या सुपर ड्यूटी या आपल्या अवजड ट्रकांत केली.

अन्यत्र : युरोप व ऑस्ट्रेलियात प्रचलित असलेल्या मध्यम पिकअपची ओढक्षमता सामान्यतः ३,५०० किग्रॅ.पर्यंत असते. युरोपीय ट्रेलरांची चाके अधिक मध्यावर असल्याने तेथे हिचभाराचे प्रमाण अमेरिकेपेक्षा बरेच कमी ठेवतात आणि त्याबरोबर वेगमर्यादाही कमी असते. एका ठिकाणचे प्रमाण दुसरीकडे लावू नये. विद्युत् पिकअपांपैकी एफ-१५० लाइटनिंग १०,००० पौंडांपर्यंत ओढू शकतो, परंतु मोठा ट्रेलर जोडल्यावर एका चार्जमधील पल्ला साधारण निम्म्यावर येतो.